जुना डोलारा कुठे मिळेल?

आत्याचा आवाज परत आला. डोलाऱ्याची जुनी आवृत्ती मिळाली, बसली, चालली, आणि आत्याने मला पुन्हा एकदा पंखा बंद करायला सांगितलं. सगळं सुरळीत झालं.

आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. आवाज गेलेला आहे, डोलारा कुठेही मिळत नाहीये, आणि पंखा चालू आहे.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. ती आमच्याकडे राहते. म्हणजे आम्ही तिच्याकडे राहतो, फ्लॅट तिच्या नावावर आहे, पण बाबांसमोर हे वाक्य पहिल्या पद्धतीने म्हणायचं असतं. आत्याने नोकरीची सगळी वर्षं बसस्टँडवर घोषणा करण्यात काढली. काचेची छोटी केबिन, समोर माईक, भिंतीवर गाड्यांचा तक्ता, हाताशी थर्मास. ती निवृत्त होताना डेपोने तिचे सगळे शब्द रेकॉर्ड करून घेतले. आकडे, मार्ग, फलाट, ‘सुटेल’, ‘सुटली’, ‘रद्द’, ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’. एक प्रोग्रॅम ते शब्द जोडून वाक्य करायचा आणि स्पीकरवर सोडायचा. त्यामुळे आत्या घरी बसली तरी तिचा आवाज रोज कामावर जात राहिला. तेही एकदाही रजा न घेता.

मग तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाठ निघेल, पण तिच्याबरोबर स्वरयंत्रही जाईल.

डेपोचा तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्या इंजिनियरला सगळे स्क्रू म्हणायचे, कारण त्याच्या खिशात कायम एक स्क्रू असायचा आणि तो कशातून निघालाय हे त्यालाही माहीत नसायचं. ऑपरेशनच्या आधी स्क्रू घरी आला आणि आत्याच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये त्याने तोच प्रोग्रॅम घातला. आत्या कीबोर्डवर लिहिणार, आणि प्रोग्रॅम तिच्याच आवाजातले शब्द एकामागून एक लावून बोलणार. पण नुसत्या डेपोच्या शब्दांवर घर चालत नाही. म्हणून त्याने तिच्यापुढे माईक ठेवला.

“मॅडम, घरात जे जे लागेल ते बोलून घ्या. नंतर जमणार नाही.”

आम्ही सगळे दाराबाहेर उभे होतो. आईने रुमाल तयार ठेवला होता. आवाज कायमचा जाणारं माणूस शेवटचं काय बोलून ठेवेल, या विचाराने बाबांचा चेहरा आधीच उतरला होता. आतून आत्याचा खणखणीत आवाज आला.

“पंखा. बंद. कर. गॅस. धाकट्या. वहिनी. बटण्या. मूर्ख. अतिमूर्ख. मी म्हटलं होतं.”

धाकट्या म्हणजे बाबा. वहिनी म्हणजे आई. बटण्या म्हणजे मी. आईने रुमाल घडी करून परत ठेवला.

मी दारातून डोकं आत घातलं. “आत्या, ‘शाब्बास’पण घे की.”

“ते कधी लागणार आहे?” आत्या म्हणाली, आणि ‘झुरळ’ रेकॉर्ड केलं.

अशा रीतीने आत्याची नवी भाषा तयार झाली. अर्धी घरची, अर्धी बसस्टँडची. सकाळी ती जाहीर करायची, “वहिनी, चहा वीस मिनिटे उशिराने धावत आहे.” बाबा बाथरूममध्ये फार वेळ बसले की, “धाकट्या. फलाट रिकामा करावा.” पाहुणे उठायचं नाव घेईनात की ती हसऱ्या चेहऱ्याने कीबोर्डकडे वळायची, आणि टेबलावरून आवाज यायचा, “आजची शेवटची गाडी फलाटावर लागली आहे. प्रवाशांनी आपल्या सामानाची खात्री करून घ्यावी.” पाहुणे चप्पल शोधायला लागायचे. स्वतःचं चुकलं तर ती म्हणायची, “गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.” आवाज होता तेव्हा तिने एवढंही कधी म्हटलं नव्हतं. सच्च्या माफीचे शब्द तिला डेपोकडून आयते मिळाले होते.

आता माझं नाव बटण्या का, ते सांगतो. मी सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मी प्रोग्रॅम लिहीत नाही. प्रोग्रॅममध्ये जी बटणं असतात, त्यांच्यावरचे शब्द लिहितो. ‘पुढे’, ‘मागे’, ‘ठीक आहे’. दिवसभरात चार शब्द लिहिले तर ऑफिसात म्हणतात, आज बोलतोयस फार. घरात मात्र मी ‘सॉफ्टवेअरमधला’ आहे, म्हणजे मिक्सर बिघडला तरी आई मला हाक मारते.

बाबांची गोष्ट वेगळी. बाबांना स्क्रीनवरचा लाल ठिपका सहन होत नाही. कुठेही लाल ठिपका दिसला की त्यांना वाटतं, कोणीतरी आपली वाट बघतंय. एके दुपारी आत्या झोपली होती आणि तिच्या कॉम्प्युटरवर लाल ठिपक्यासकट एक खिडकी उघडली. ‘तुमच्या संगणकासाठी महत्त्वाचे अपडेट तयार आहे.’ खाली दोन बटणं. ‘आता’ आणि ‘थोड्या वेळाने’.

धंद्यातली एक गोष्ट सांगतो. अशा खिडकीवर ‘नको’ हे बटण नसतं. ते कोणी विसरलेलं नसतं. त्यावर मीटिंग झालेली असते.

बाबांनी चष्मा लावून दोन्ही बटणं वाचली आणि ‘आता’ दाबलं. काम पुढे ढकलणं त्यांच्या स्वभावात नाही. कॉम्प्युटर स्वतःहून बंद झाला, चालू झाला, आणि त्याने अभिमानाने कळवलं की एक जुना, असुरक्षित घटक कायमचा काढून टाकण्यात आला आहे.

आत्या उठली. तिने काहीतरी लिहिलं, एंटर दाबलं. शांतता. तिने पुन्हा दाबलं. मग तिने बाबांकडे पाहिलं, आणि बाबांनी माझ्याकडे.

“अरे, मी तर फक्त ‘आता’ म्हटलं,” बाबा म्हणाले.

काढून टाकलेला घटक म्हणजे डोलारा. हे नाव बाबांचं. त्याचं खरं नाव तीन अक्षरं आणि दोन ठिपके असं आहे, ते कोणाच्या तोंडात बसत नाही. प्रोग्रॅम लिहिणारे सगळं स्वतः लिहीत नाहीत. आवाज कसा वाजवायचा, खिडकी कशी उघडायची, ही कामं आधीच कोणीतरी करून ठेवलेली असतात. ते तयार सामान घ्यायचं आणि त्यावर उभं राहून आपलं काम करायचं. मी आईला सांगितलं, रंगारी परांचीवर उभा राहून भिंत रंगवतो ना, तसं. स्क्रू हा रंगारी, आणि डोलारा ही दुसऱ्याची परांची. परांचीवाला परांची काढून घेऊन गेला.

“आणि रंगारी?” आईने विचारलं.

“हवेत.”

“मग पडत का नाही?”

“पडला ना. म्हणून तर आवाज नाही.”

आईने मान हलवली, म्हणजे तिला पटलं नव्हतं.

पहिले काही दिवस, खोटं कशाला बोला, घरात बरं वाटलं. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा एक वाक्य सुरू करून शेवटपर्यंत नेलं. मग थांबले, आजूबाजूला पाहिलं. पुढे काय बोलायचं हे त्यांनी ठरवलेलंच नव्हतं. इथवर पोचायची वेळ कधी आलीच नव्हती.

आत्या पाटीवर लिहू लागली. पण पाटीवर लिहायला वेळ लागतो, आणि टोमणा वेळेवर पोचला नाही तर तो टोमणा राहत नाही, सूचना होते. बाबा बाथरूममधून बाहेर येऊन कपडे घालून पेपर वाचायला बसलेले, आणि आत्या पाटी दाखवतेय, ‘फलाट रिकामा करावा’. बाबा म्हणायचे, “केला की ताई.” आत्या पुसायची. आधी तिच्या विनोदी घोषणा बंद झाल्या, मग ओरडा. मग ती नुसती मान हलवायला लागली. एकदा मी मुद्दाम तिच्यासमोर पंखा चालू ठेवून खोलीतून बाहेर गेलो. आत्या उठली आणि तिने तो स्वतः बंद केला. ते मला अजिबात आवडलं नाही. आत्या समजूतदार होत चालली होती.

त्या रात्री जेवताना बाबा खाली बघत म्हणाले, “तो डोलारा परत आण. कुठूनही आण.”

सरळ मार्ग म्हणजे ज्यांनी डोलारा बनवला त्यांच्याकडे जायचं. मी त्यांच्या वेबसाइटवर गेलो. जुन्या आवृत्तीच्या पानावर एक उगवता सूर्य होता आणि खाली लिहिलं होतं, ‘या आवृत्तीचा प्रवास संपला आहे. तिने आपल्याला खूप काही दिलं.’ मी पान दोनदा खालीवर केलं. ती कुठे मिळेल ते सोडून सगळं होतं. शेजारी नवी आवृत्ती फुकट वाटत होते. म्हटलं, बघू.

नवा डोलारा बसला. प्रोग्रॅम सुरू झाला. आई-बाबा मागे येऊन उभे राहिले. आत्याने बोटं मोडली आणि सावकाश लिहिलं. कॉम्प्युटरमधून एक भयानक आवाज आला, जसा स्टँडवर मारामारी झाल्यावर येतो. आत्या दचकली. मी पुन्हा वाजवलं. मग कळलं. जुन्या डोलाऱ्यात एक शब्द संपला की दुसरा सुरू व्हायचा. नव्यात वेग वाढवला होता, आता कोणी कोणासाठी थांबत नव्हतं. आत्याचं अख्खं वाक्य, सगळे शब्द, एकाच वेळी.

“काय म्हणाल्या त्या?” आईने हळूच विचारलं.

आत्याने पाटी घेतली. ‘जेवण छान झालं होतं, वहिनी.’

आईला ते ऐकायला मिळालं असतं तर ते पहिल्यांदाच असतं. आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी लावत राहिली.

दुसरा मार्ग धंद्यातले लोक वापरतात. काळी खिडकी उघडायची, हव्या त्या वस्तूचं नाव लिहायचं, आणि ती आपोआप इंटरनेटवरच्या भांडारातून येते. मी डोलारा मागवला. उत्तर आलं, आणतो, पण आधी त्याचा एक सोबती आणावा लागेल. आण. त्या सोबत्याचा एक सोबती आहे. आण बाबा. असे बरेच जण येऊन बसल्यावर शेवटच्या सोबत्याने सांगितलं की तो जुन्या डोलाऱ्याशिवाय येत नाही. मग सगळे परत गेले. जाताना काही जण कॉम्प्युटरवर सामान विसरले, ते अजून तिथेच आहे.

तिसरा मार्ग, स्क्रू. तो आता दुसऱ्या खंडात राहतो आणि प्रत्येक मेसेजला उत्तर म्हणून अंगठा पाठवतो. मी लिहिलं, जुना डोलारा आहे का तुझ्याकडे? अंगठा. पाठवतोस? अंगठा. दोन दिवसांनी लिहिलं, आला नाही रे. अंगठा. मी चिडून लिहिलं, आत्या मुकी बसलीय. यावेळी बराच वेळ काही आलं नाही. मग रडका चेहरा आला आणि त्याच्या पाठोपाठ अंगठा.

शेवटी मला कळलं की डोलारा घरीच बांधता येतो. त्याचा सगळा कच्चा माल उघड्यावर ठेवलेला आहे, कोणीही घ्यावा आणि बांधावा. मी एका रविवारी सकाळी आंघोळ करून बसलो. सूचनांचं पान उघडलं. पहिली पायरी, ‘डोलारा वापरून पुढील आज्ञा चालवा.’

मी ती ओळ मोठ्याने वाचली.

“म्हणजे?” बाबा.

“म्हणजे डोलारा बांधायला डोलारा लागतो.”

“हे काय मूर्ख...” बाबा म्हणाले आणि सवयीने थांबले, आत्या वाक्य तोडेल म्हणून. आत्याने तोडलं नाही. बाबांचं वाक्य तसंच हवेत राहिलं.

आत्या मात्र हसत होती. आवाज नाही, पण खांदे हलत होते. कित्येक दिवसांनी. तिने पाटी ओढली आणि भराभर लिहिलं, ‘विरजण.’

“अहो, खरंच की,” आई म्हणाली. “दही लावायला दहीच लागतं.”

“आणि घरातलं संपलं तर?” मी विचारलं.

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी खरंच पगार घेतो का याची तिला शंका आली असावी. “तर शेजारून चमचाभर आणायचं.”

आत्याने पाटी पुसली, पुन्हा लिहिलं, आणि खिडकीकडे बोट केलं. खिडकीतून काही दिसत नव्हतं, पण त्या दिशेला बसस्टँड होता. पाटीवर लिहिलं होतं, ‘मी अजून तिकडे बोलतेय.’

स्क्रूने दोन्ही कॉम्प्युटरवर एकच प्रोग्रॅम घातला होता. घरच्या मशीनने बाबांचं ऐकलं. डेपोच्या मशीनला इंटरनेट म्हणजे काय हेच कोणी सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे त्याला कोणी ‘आता’ की ‘थोड्या वेळाने’ असं विचारलंच नव्हतं.

आत्या, बाबा आणि मी, आम्ही तिघं निघालो. आत्या ऑपरेशननंतर स्टँडवर गेली नव्हती, आणि का गेली नव्हती ते मला गेटमधून आत शिरल्यावर कळलं. वरच्या स्पीकरमधून आत्या बोलत होती. स्वच्छ, भरदार, प्रत्येक शब्द जागच्या जागी. “जुना पूल मार्गे बंदराकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे.” लोक बॅगा उचलून तीनकडे चालायला लागले. माझ्या शेजारी गळ्याला रुमाल बांधलेली आत्या उभी होती आणि तिच्या हातात पाटी होती.

ती बाकावर बसली. बाबाही बसले. पुढच्या दोन घोषणा आम्ही तिघांनी बसून ऐकल्या. दुसरी संपल्यावर आत्याने पाटीवर लिहिलं, ‘“रुग्णालय” जरा घाईत म्हटलंय.’ आणि उठली.

केबिनमध्ये कंट्रोलर होता, आत्याच्या हाताखाली शिकलेला. तिला पाहून तो ताडकन उभा राहिला. “मॅडम! तुम्ही?” मग नकळत त्याची नजर वर स्पीकरकडे गेली. “म्हणजे... तुम्ही तर वर आहात.”

मी सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता बसत गेला.

“बरं झालं आज आलात,” तो म्हणाला. “उद्या नवीन यंत्रणा बसतेय. ती बनवणाऱ्या कंपनीचा तयार आवाज. हे मशीन सकाळीच भंगारात जाणार.”

“मग आत्ता कॉपी करून घेतो,” मी पेन ड्राइव्ह काढला.

“तसं नाही करता येणार. शासकीय मालमत्ता. अर्ज द्यावा लागेल, तो वर जाईल.”

“किती दिवस?”

“वर गेलेलं अजून काही खाली आलेलं नाही.”

आत्याने पाटी त्याच्यापुढे धरली. ‘कागद दे. अर्ज लिहिते. उत्तर येईपर्यंत इथेच थांबते.’

कंट्रोलरने पाटी वाचली. मग डोळ्यांवरचा चष्मा काढून खिशात ठेवला. “अर्ज आला की तो प्रलंबित असतो,” तो विचार करत म्हणाला. “आणि प्रकरण प्रलंबित असताना कोण काय करतंय ते मला चष्म्याशिवाय दिसत नाही. फक्त एक. घोषणा थांबता कामा नये. स्टँड सुरू झाल्यापासून थांबलेली नाही.”

“नाही थांबणार,” मी म्हटलं आणि टेबलाखाली वाकलो. मशीनला पेन ड्राइव्ह लावायची एकच जागा चालू होती. तिच्यात स्पीकरची वायर होती.

मी बाहेर आलो. कोणी काही विचारायच्या आत बाबांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. “काय? काढावी लागेल?”

“थोडा वेळ. तोवर कोणीतरी जुन्या माईकवर बोलायला पाहिजे. तो सरळ वरच्या स्पीकरला जोडलेला आहे.”

“मी नाही,” कंट्रोलर म्हणाला. “मी कर्मचारी. मी बोललो तर ते अधिकृत होईल.”

मी म्हटलं, “मला मशीनवर बसावं लागेल.”

आत्याने गळ्याच्या रुमालाला हात लावला. मग आम्ही सगळे बाबांकडे बघू लागलो.

“छे,” बाबा म्हणाले. “मी? अहो, मला घरात कोणी...”

मी वायर काढली.

स्टँडवर अचानक शांतता पसरली. लोकांनी वर पाहिलं. आत्याने बाबांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं, स्वतः शेजारी उभी राहिली, तक्त्याकडे पाहिलं आणि पाटीवर लिहून त्यांच्या नाकासमोर धरलं.

“प्र... प्रवाशांनी कृपया,” बाबा म्हणाले, आणि स्वतःचा आवाज सगळ्या फलाटांवरून परत आलेला ऐकून गप्प झाले.

आत्याने पाटीवर टकटक केलं.

“लक्ष द्यावे! जुना पूल मार्गे... ताई, हे काय लिहिलंयस? हां, विमानतळ. विमानतळाकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवर लागली आहे. बहुतेक.”

आत्याने ‘बहुतेक’ ऐकून डोळे मिटले. बाहेर एक म्हातारे गृहस्थ ओरडले, “बहुतेक म्हणजे काय हो?”

“नाही नाही, लागलीच आहे!” बाबा माईकमध्ये म्हणाले. “मला दिसतेय. निळी आहे. काका, तुम्ही चढा. कंडक्टर, जरा थांबा, काका येतायत!”

गाडी थांबली. बाबांनी काचेतून पाहिलं की त्यांच्या सांगण्यावरून एक अख्खी बस थांबलीय. ते खुर्चीत सरळ झाले.

टेबलाखालून मी स्क्रीन बघत होतो. स्क्रूच्या फोल्डरमधला नेमका कुठला तुकडा लागेल ते मला कळत नव्हतं, म्हणून सगळंच उचललं होतं. ‘उरलेला वेळ, एक मिनिट.’ मग ‘चार तास’. मग ‘एक मिनिट’. हे कोण लिहितं ते मला माहीत आहे. तो ऑफिसात माझ्या शेजारी बसतो, भला माणूस आहे.

वर पाटी पुसली जात होती, लिहिली जात होती. बाबा वाचत होते. हळूहळू दोघांचा ताल बसला. आत्या शब्द पुरा लिहायच्या आत बाबा तो म्हणून मोकळे होत. मग ती अर्धाच लिहू लागली. मग नुसती बोटं दाखवू लागली. तीन बोटं, मनगट, मग दहाही बोटं. “फलाट क्रमांक तीनवरची गाडी दहा मिनिटे उशिराने सुटेल. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.” माईक चालूच होता. बाबा शेजारी वळले आणि म्हणाले, “खरंच दिलगीर आहे गं, ताई.”

ते सगळ्या स्टँडने ऐकलं. कोणाला काही वाटलं नसावं. उशिराच्या गाडीबद्दल इतकं मनापासून कोणी माफी मागत नाही, म्हणून दोनचार जणांनी वर पाहिलं, इतकंच.

आत्याने पाटी उचलली. काही लिहिलं नाही. तिने बाबांच्या डोक्यात पाटी हळूच मारली आणि तक्त्याकडे बोट केलं. पुढची गाडी आली होती.

कॉपी झाली. मी वायर परत लावली आणि वरची आत्या बोलायला लागली, जणू मध्ये कोणी बोललंच नव्हतं. बाबांचा हात माईकवरच होता. “झालं एवढ्यात?” ते म्हणाले.

घरी आल्यावर मी आधी इंटरनेटची वायर काढली आणि मग डोलारा बसवला. सगळे मागे उभे राहिले. आत्याने लिहायला घेतलं. ती बराच वेळ लिहीत होती, खोडत होती. तिच्याकडे काय काय शब्द आहेत ते आठवत असावी. ‘शाब्बास’ तर नव्हताच. शेवटी तिने एंटर दाबलं.

“धाकट्या,” टेबलावरून तिचा आवाज आला, एकामागून एक, प्रत्येक शब्द दुसऱ्यासाठी थांबत. “आजची विशेष गाडी. वेळेवर. पोहोचली आहे.”

“कुठली गाडी?” मी विचारलं.

“गप रे,” आई म्हणाली.

बाबा बाथरूममध्ये गेले. नळ बराच वेळ चालू होता. आत्याने थोडी वाट पाहिली, मग कीबोर्डकडे वळली. “बटण्या. पंखा. बंद. कर.”

दुसऱ्या दिवसापासून स्टँडवर कंपनीचा आवाज लागला. तो चुकत नाही. पण तो कोणासाठी गाडी थांबवत नाही.

घरचा कॉम्प्युटर अजून त्या खिडकीचा हट्ट सोडत नाही. इंटरनेट नसलं तरी त्याच्या पोटात कुठेतरी ते जुनं अपडेट शिल्लक आहे, आणि रोज सकाळी तो ते पुढे करतो. ‘आता’ की ‘थोड्या वेळाने’. ते काढून टाकायचं बटण मी पुष्कळ शोधलं. ज्या बाबांना लाल ठिपका सहन होत नव्हता ते रोज दात घासून आधी आत्याच्या टेबलाशी जातात, चष्मा लावतात, दोन्ही बटणं वाचतात आणि ‘थोड्या वेळाने’ दाबतात. मग चहा. एकदा त्यांना ताप होता तर त्यांनी मला अंथरुणातून उठवून ते काम सोपवलं आणि मी नीट दाबलं का ते बघायला स्वतः उठून आले. “कधी हात चुकला तर?” ते म्हणाले. “माणूसच आहे.”

म्हणून मी बसून खालील अर्ज लिहिला, आमच्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकला, आणि एक प्रत डोलारावाल्यांना पाठवली, उगवत्या सूर्याच्या पानावरून.

प्रति,
मा. प्रमुख, बटणे व सूचना विभाग
(असा विभाग नसल्यास तो प्रथम स्थापन करण्यात यावा).

विषय: अपडेटच्या खिडकीत तिसरे बटण उपलब्ध करून देणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर खिडकीत सध्या ‘आता’ व ‘थोड्या वेळाने’ अशी दोनच बटणे असून, त्यांच्या शेजारी ‘नको, घरात कोणीतरी बोलत आहे’ असे तिसरे बटण कायमस्वरूपी देण्यात यावे. सदर बटण एकदा दाबल्यानंतर संबंधित व्यक्तीचे बोलणे पूर्ण होईपर्यंत कोणताही घटक काढून टाकण्यात येऊ नये. संबंधित व्यक्ती अर्जदाराची आत्या असून, तिचे बोलणे कधी पूर्ण होईल याचा अंदाज कुटुंबातील कोणासही नाही.

तरी या प्रकरणी योग्य ती कार्यवाही करून तसे लेखी कळविण्यात यावे, व तोपर्यंत अर्ज प्रलंबित ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती.